आवड, सवड आणि लेखणी

'आवड तेथे सवड' ही म्हण आपण इतक्या वेळा ऐकली आहे की तिचा अर्थ तपासून पाहण्याची सवड मात्र कुणी फारशी काढलेली दिसत नाही. लेखनाची हौस असलेल्या एखाद्या शिक्षकाने, बँकेतल्या कारकुनाने किंवा तीन मुलांच्या आईने 'लिहावेसे फार वाटते हो, पण वेळच मिळत नाही' अशी खंत बोलून दाखवली, की ऐकणारा ही म्हण तिच्या पदरात टाकतो आणि मोकळा होतो. म्हणीतला ध्वनी असा की, ज्याला सवड सापडली नाही त्याची आवडच मुळात कच्ची. या निवाड्यात तथ्य कितपत आहे? आमच्या मते हा प्रश्न उपदेशाने सुटणारा नव्हे. पोटापाण्याचा, प्रपंचाचा किंवा सेवेचा दुसराच व्याप सांभाळून ज्यांनी लिहिले त्यांची पुस्तके उघडावीत आणि ती कोणत्या वेळात लिहिली गेली, त्या वेळेची मुद्रा पुस्तकावर कशी उमटली, हे पाहावे. मगच म्हणीची परीक्षा होईल. समीक्षक सहसा आशय पाहतात, घाट पाहतात, भाषा पाहतात. लेखन दिवसाच्या कोणत्या प्रहरी, कुणाच्या घरात आणि कुणी लावलेल्या दिव्याखाली झाले, ही चौकशी त्यांना गौण वाटते. आम्हांस ती गौण वाटत नाही.

वेळेच्या हिशेबाचा विषय निघाला की इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकांना एक नाव हटकून आठवते, ते अँथनी ट्रोलप यांचे (१८१५–१८८२). हे गृहस्थ टपालखात्यात अधिकारी होते, आणि नावापुरते अधिकारी नव्हेत. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या टपालपेटीत पत्र टाकण्याची जी सोय ब्रिटनमध्ये झाली, तिचा आरंभ १८५२ साली चॅनल बेटांवर त्यांच्याच सूचनेने झाला. अशी नोकरी करून त्यांनी ४७ कादंबऱ्या लिहिल्या. कशा लिहिल्या, ते त्यांनी आपल्या आत्मचरित्रात काहीही न झाकता सांगून टाकले आहे. पहाटे साडेपाचला मेजाशी बसायचे, साडेआठला उठायचे. पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचे वाचण्यात. मग समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला २५० शब्द. कादंबरी संपली आणि वेळ उरला, तर दुसरी कादंबरी सुरू करण्यास त्यांची हरकत नसे. हे आत्मचरित्र त्यांच्या मृत्यूनंतर १८८३ साली प्रसिद्ध झाले आणि रसिकांचा मोठा विरस झाला. प्रतिभेचा झरा घड्याळाच्या काट्याबरोबर वाहतो हे कुणाला रुचेना. त्यांच्या कीर्तीला त्यानंतर बरीच वर्षे उतार लागला, त्याला हा प्रांजळपणा बराचसा कारण झाला, असे मानले जाते.

आम्ही ट्रोलप आवडीने वाचतो. बार्चेस्टर नावाच्या काल्पनिक धर्मप्रांतातले त्यांचे बिशप, आर्चडीकन आणि त्यांच्या घरातले रुसवेफुगवे ज्या मर्मज्ञतेने रंगवले आहेत, त्या मर्मज्ञतेला आमच्यासारख्या झगा घातलेल्या माणसाने दाद न दिली तर तो कृतघ्नपणा होईल. पण ट्रोलप यांच्या शिस्तीचे गोडवे गाणारे लोक त्या आत्मचरित्रातलीच दोन वाक्ये नजरेआड करतात. पहिले असे की, पहाटे उठवून कॉफी आणून देण्याचे काम एका वृद्ध नोकराकडे होते आणि त्या कामासाठी त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळत. त्या नोकराला मात्र कुणी उठवत नसे, तो आपला आपणच उठे. आणि आपल्या यशाचे श्रेय इतर कुणाहूनही त्याला अधिक आहे, अशा अर्थाची कबुली ट्रोलप यांनी मोकळेपणे दिली आहे. दुसरे असे की, 'बार्चेस्टर टॉवर्स' ही १८५७ सालची कादंबरी त्यांनी मोठ्या प्रमाणात आगगाडीच्या डब्यात, मांडीवर छोटी फळी घेऊन पेन्सिलीने लिहिली आणि ती अक्षरे नंतर शाईने उतरवून काढण्याचे काम त्यांच्या पत्नीने केले. (आपल्या विरार लोकलमध्ये हा प्रयोग कुणी करू नये. मांडीवर फळी ठेवण्याआधी मांडी ठेवण्याला जागा मिळावी लागते.) तेव्हा आवड ट्रोलप यांची खरी, पण सवड? ती एका म्हाताऱ्या नोकराच्या झोपेतून आणि एका बाईच्या दुपारीतून कापून काढलेली होती.

ही गोष्ट आम्ही दोषारोप म्हणून नोंदवत नाही. ट्रोलप यांनी निदान ती लिहून ठेवली. पुष्कळ लेखक तेवढेही करीत नाहीत.

आता पाहावयाचे ते हे की, या रीतीने पुस्तकाचे काय होते. ट्रोलप यांच्या कादंबऱ्यांचा श्वास सम आहे. धावपळ नाही, धाप नाही, एखाद्या परिच्छेदापाशी लेखक अडखळून तिथेच रमला आहे असेही सहसा दिसत नाही. दररोज ठरावीक मजकूर काढणाऱ्याला पात्रे रोज भेटावी लागतात आणि रोज भेटणाऱ्या माणसांविषयी आपल्याला जशी एक निवांत, थोडीशी कंटाळलेली, पण न तुटणारी माया असते, तशीच माया ट्रोलप यांना आपल्या पात्रांविषयी आहे. आम्हांस वाटते, हा गुण घड्याळानेच दिला. आणि दोषही त्यानेच दिला: काही कादंबऱ्यांत उपकथानके केवळ पाने भरण्यासाठी आल्यासारखी वाटतात. एकदा क्लबात बसले असता दोन धर्मोपदेशक आपल्याच कादंबऱ्यांवर टीका करीत आहेत, तीच तीच पात्रे पुन्हा पुन्हा येतात म्हणून बिशपच्या पत्नीला, मिसेस प्राउडीला, विटले आहेत, हे त्यांच्या कानी पडले. त्यांनी तिथेच उठून आपली ओळख दिली आणि घरी जाऊन आठवड्याच्या आत तिला मारून टाकण्याचे वचन दिले. १८६७ सालच्या 'द लास्ट क्रॉनिकल ऑफ बार्सेट'मध्ये ती खरोखर मरते, आणि ते प्रकरण त्यांच्या सर्वोत्तम प्रकरणांपैकी एक आहे. वाचकाचा एक टोमणा घड्याळाला जे साधले नव्हते ते साधून गेला.

येथून आम्ही सवडीकडून प्रेरणेकडे वळतो. कारण आमच्या अनुभवाला आलेली गोष्ट अशी की, वेळ नाही म्हणून न लिहिणाऱ्यांपेक्षा आपले लिखाण कुणाला हवे आहे याची खात्री नाही म्हणून न लिहिणारे संख्येने अधिक आहेत. ते तोंडाने मात्र वेळेचीच सबब सांगतात, कारण ती सांगायला सोपी आहे.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे उदाहरण आपल्या सर्वांच्या घरचे आहे. १५७९ साली हा इंग्रज येशुसंघीय गोव्यात उतरला आणि १६१९ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ ४० वर्षे, त्याने प्रामुख्याने साष्टीच्या भागात धर्मगुरू म्हणून सेवा केली. १६१६ साली राशोल येथे त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापून झाले. दोन पुराणे मिळून ९५ अवस्वर आणि सुमारे ११ हजार ओव्या. एवढा पसारा पाहिला की वाटते, या माणसाला दुसरे काही काम नव्हते की काय? काम पुष्कळ होते. पण ओवी हा छंद कसा आहे ते ध्यानात घ्यावे. तिचा जीव चार चरणांएवढा. ती एका बैठकीत पुरी होते, आणि पुरी झाली की लिहिणाऱ्याला निजायला जाता येते. रोज पाच ओव्या रचल्या तरी ११ हजार ओव्यांना सहा वर्षे पुरतात. फादर स्टीफन्स यांनी असा हिशेब मांडला होता असे आम्ही म्हणत नाही. ओवीच्या अंगी तो हिशेब आहे एवढेच म्हणतो. विषय महाकाव्याचा, पण माप हातात मावणारे. कामात गढलेल्या माणसाला महाकाव्य लिहायचे असेल तर याहून सोयीचा छंद जगात क्वचितच असेल, आणि तो या परदेशी धर्मगुरूने येथल्याच मातीतून उचलला.

परंतु ग्रंथ लिहिण्याचे निमित्त काय, हे त्यांनी ग्रंथातच गुंफून ठेवले आहे आणि ते आम्हांस छंदापेक्षाही मोलाचे वाटते. धर्मशिक्षण चालले असताना नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला प्रश्न करतो: आमची जुनी पुराणे तुम्ही आम्हांला वर्ज्य केली, मग त्यांच्या जागी वाचायला, मन रमवायला आमच्या भाषेत तसे एखादे पुराण तुम्ही का करीत नाही? हा प्रसंग जसाच्या तसा घडला की तो पुराणाच्या परंपरेला साजेसा एक योजलेला संवाद आहे, यावर पंडितांनी वाद घालावा. आम्हांस त्यातली मागणी महत्त्वाची वाटते. कुणीतरी मागितले. पुस्तक मागणारा माणूस समोर उभा राहिला, आणि तो तक्रारीच्या सुरात उभा राहिला. 'ख्रिस्तपुराणा'ची भाषा आजही ज्या कारणाने जिवंत लागते त्याचे मूळ आम्ही येथे शोधतो: त्या ग्रंथाला पहिल्या ओवीपासून श्रोता आहे. पुढे या ग्रंथाच्या तीन जुन्या छापील आवृत्तींपैकी एकही प्रत हाती उरली नाही. घरोघर, देवळोदेवळी लोकांनी हाताने उतरवून ठेवलेल्या प्रतींवरून तो १९०७ साली मंगळूरला पुन्हा छापला गेला. म्हणजे मागणारेही टिकले आणि उतरवणारेही.

जेरार्ड मॅनली हॉपकिन्स (१८४४–१८८९) यांची कथा याच्या उलट आहे. आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी सेमिनरीत इंग्रजीच्या तासाला हॉपकिन्स वाचले आणि त्यांची कविता किती अवघड आहे एवढेच ध्यानात ठेवले. १८६८ साली येशुसंघात प्रवेश करण्यापूर्वी त्यांनी आपल्या कवितांची होळी केली. (मित्रांकडे काही प्रती राहिल्या, हे साहित्याचे नशीब.) कविता हा आपल्या व्रताला न शोभणारा छंद आहे, वरिष्ठांनी सांगितल्याखेरीज तो करायचा नाही, असा त्यांनी निश्चय केला आणि सात वर्षे जवळजवळ काहीच लिहिले नाही. त्या सात वर्षांत त्यांना सवड नव्हती असे नाही. विद्यार्थ्याला थोडीफार सवड असतेच. नव्हती ती परवानगी, तीही स्वतःची स्वतःला. डिसेंबर १८७५ मध्ये टेम्स नदीच्या मुखापाशी 'डॉइचलँड' हे जहाज फुटले आणि जर्मनीतून निघालेल्या पाच फ्रान्सिस्कन भगिनी त्यात बुडाल्या. या घटनेवर कुणीतरी कविता करावी असे वरिष्ठ सहज बोलून गेले. तेवढे पुरले. ३५ कडव्यांची ती कविता, इंग्रजी काव्याची लय नव्याने मांडणारी, एका सहज बोललेल्या वाक्यातून बाहेर पडली.

पुढे काय झाले? येशुसंघाच्याच मासिकाने ती छापली नाही. संपादक कवीचे स्नेही होते, तरीही छापली नाही. आज त्या संपादकांना नावे ठेवणे सोपे आहे, परंतु ज्यांनी कधी नियतकालिकाच्या मुद्रितांवर नजर फिरवली आहे त्यांना त्यांची दया येईल. असो. हॉपकिन्स यांनी त्यानंतर लिहिणे थांबवले नाही, हा मुद्दा आहे. ते लिहीत राहिले आणि कविता पाठवीत राहिले प्रामुख्याने एका माणसाकडे, रॉबर्ट ब्रिजेस या मित्राकडे. ब्रिजेस यांना सगळेच पटत असे असे नाही. ते हरकती घेत, आणि हॉपकिन्स त्या हरकतींना लांबलचक उत्तरे देत. हजार वाचकांनी वाहवा करण्यापेक्षा एका वाचकाने 'ही ओळ मला कळली नाही' म्हणणे लेखकाला अधिक काळ जागे ठेवते, हे या पत्रव्यवहारावरून दिसते.

हॉपकिन्स लिव्हरपूलच्या एका गजबजलेल्या गरीब धर्मग्रामात सेवेस होते, तेव्हाची एक कविता येथे थोडी थांबून पाहण्याजोगी आहे. १८८० सालच्या या सुनीताचे नाव 'फेलिक्स रँडल'. विषय एक नालबंद, धिप्पाड, हाडापेराने मजबूत माणूस, जो आजाराने खचत गेला आणि वारला. कवितेच्या आरंभी मृत्यूची वार्ता ऐकून धर्मगुरूची जी प्रतिक्रिया होते ती चमत्कारिक आहे: दुःख नाही, आकांत नाही, गेला का, बरे, म्हणजे माझे तिथले काम संपले, अशा सुरातली ती जवळजवळ दप्तरी नोंद आहे. एखादा बाहेरचा समीक्षक त्यात कोरडेपणा पाहील. आम्हांस त्यात आठवड्याचा थकवा दिसतो. दिवसाकाठी चार आजाऱ्यांना भेटून आलेल्या माणसाच्या तोंडी पहिले वाक्य असेच येते. मग ओळीओळीने तो थकवा विरघळतो: रुग्णाने केलेली चिडचिड, हळूहळू आलेली सोशिकता, संस्कारांनी लाभलेला दिलासा, आणि आजारी माणसे आपल्याला प्रिय होत जातात, तसे आपणही त्यांना, ही जाणीव. शेवटच्या ओळींत तो माणूस पुन्हा भट्टीपुढे उभा आहे, घोड्याला नाल ठोकताना, पूर्ण ताकदीने.

या कवितेला धर्मग्रामाच्या कामातून वेळ 'काढावा' लागला असेल, हे उघड आहे. पण ते काम नसते तर कविताच नसती. हौशी लेखकाला आपला व्यवसाय हा आपल्या लेखनाचा वैरी वाटतो. व्यवसाय वेळ खातो, हे खरे. पण मोबदल्यात तो जे देतो ते केवळ लेखक असलेल्या माणसाला विकत मिळत नाही. पुढे १८८४ पासून डब्लिनमध्ये ग्रीक शिकवताना आणि परीक्षेचे शेकडो पेपर तपासताना हॉपकिन्स पिचून गेले. त्या काळातली त्यांची सुनीते अंधाराने भरलेली आहेत. तीही १४ ओळींचीच. थकलेल्या माणसाला जे माप पेलते तेच त्यांनी उचलले आणि त्यात दुसऱ्याने खंडकाव्यात मांडले असते तेवढे ठासून भरले. त्यांच्या कविता दुर्बोध वाटतात त्याचे एक कारण आम्ही येथे पाहतो: सवड थोडी, म्हणाय‌चे फार, म्हणून शब्दांवर शब्द दाबून बसवलेले.

आमच्याकडे वाचायला येणाऱ्या हौशी लेखनाविषयी आता दोन शब्द बोललेच पाहिजेत, कारण परक्यांच्या कविता सांगून घरचे प्रश्न टाळणे बरे नव्हे. नाताळ जवळ आला की कथा येऊ लागतात. त्यांतल्या कितीतरी कथांत एक गरीब मुलगा असतो, थंडीची रात्र असते (वसईत डिसेंबरात थंडी किती पडते हे लेखकाला ठाऊक असते, तरी असते), एक शाल असते, आणि शेवटी देवळाची घंटा वाजते. हे लेखक वेळ नसल्याचे सांगतात. पण आम्ही ती कथा लक्षपूर्वक वाचली की दिसते, लेखकाने एकदा बसून ती सरळ लिहून काढली आणि पाकिटात घातली; अलीकडे पाकीटही लागत नाही, मोबाइलवरूनच येते. त्यात कमी आहे ती पहिल्या लेखनाच्या वेळेची नव्हे, दुसऱ्या वाचनाच्या वेळेची. ट्रोलप यांचा तो पहिला अर्धा तास, आदल्या दिवशीचे वाचण्याचा, आमच्या मते पुढच्या अडीच तासांहून मौल्यवान होता. पंधरा दिवसांनी आपलीच कथा परक्याच्या डोळ्यांनी वाचली असती तर शाल आपोआप गळून पडली असती आणि त्या जागी लेखकाच्या स्वतःच्या आळीतला, स्वतःच्या बोलीत बोलणारा एखादा मुलगा आला असता. कदाचित तो गरीबही नसता.

स्वतःच्या बोलीची गोष्ट निघाली म्हणून बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे स्मरण करावेच लागते. खानदेशातल्या या शेतकरी बाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात, चुलीपुढे त्या गात गेल्या. त्यांच्याबाबतीत काम आणि कविता यांच्यासाठी वेगवेगळा वेळ नव्हताच; जात्याचा फेरा हाच ओळीचा फेरा. येथे आमची म्हण जवळजवळ निकालात निघते. पण या कथेची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय ती पुरी होत नाही. चिरंजीव सोपानदेव आणि एक नातलग यांनी जे उतरवून ठेवले तेवढेच वाचले, बाकीचे वाऱ्यावर गेले. बाईंच्या मृत्यूनंतर ते कागद आचार्य अत्र्यांच्या दृष्टीस पडले आणि त्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली संग्रह निघाला. आमच्या धर्मग्रामांत लग्नाच्या मांडवात सामवेदीत, वाडवळीत गाणी म्हणणाऱ्या वृद्ध स्त्रिया आज हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या उरल्या आहेत. त्यांच्यापाशी सवडीचा प्रश्न नाही. वही घेऊन शेजारी बसणाऱ्याचा आहे.

शेवटी लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६), ज्यांच्यासाठी खरे तर आम्ही हा लेख लिहावयास घेतला. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई आमच्या ख्रिस्तसभेतले नव्हेत, पण 'स्मृतिचित्रे' वाचताना तो भेद कुणाच्या ध्यानात राहतो? टिळक कवी, कवीला शोभेल असा त्यांचा प्रपंच. हाती पैसा टिकत नसे, पाहुण्याला ना नसे, अनाथ मूल दिसले की ते घरी येई, आणि मनात आले की स्वारी प्रवासाला निघे. 'स्मृतिचित्रे' हा आम्ही मराठीतला कवीच्या सवडीचा सर्वांत प्रामाणिक जमाखर्च मानतो. टिळकांना कविता करण्यास जो निवांतपणा लाभला तो कुठून आला, हे त्यांच्या कवितासंग्रहात कुठेच लिहिलेले नाही. ते पत्नीच्या आत्मचरित्रात पानोपानी लिहिलेले आहे. कोळसे, तांदूळ, आजारपणे, प्लेग, बिऱ्हाडे हलवणे, रुसणे आणि पुन्हा चूल पेटवणे. ट्रोलप यांच्या नोकराने जर आत्मचरित्र लिहिले असते आणि त्याला लक्ष्मीबाईंचा विनोद लाभला असता, तर इंग्रजीत असे पुस्तक झाले असते.

आणि या बाई स्वतः केव्हा लिहू लागल्या? कविता त्या आधीही करीत. टिळकांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य १९१९ साली त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले, तेव्हा त्याचा फार मोठा भाग यांनीच रचला. परंतु गद्यातले हे आत्मचरित्र लिहिताना त्यांचे वय साठीच्या पुढे होते. शाळेचे शिक्षण जवळजवळ नाही. आपण ग्रंथ लिहिणार आहोत असा संकल्पही नव्हता. चिरंजीव देवदत्त यांना वडिलांचे चरित्र लिहायचे होते. त्यासाठी आईने आपल्या आठवणी काढून द्याव्यात, एवढीच मागणी होती. येथेही मागणारा होता. त्या आठवणी आधी 'संजीवनी' मासिकातून क्रमाने आल्या आणि १९३४ पासून पुढे भागाभागाने पुस्तकरूप झाल्या. चरित्र ज्यांचे लिहायचे होते ते टिळक त्यात आहेतच, पण त्यांना पाहणारे डोळे त्यांच्याहून मोठे ठरले.

या पुस्तकाचा घाट पाहावा. प्रकरणे आखूड आहेत. प्रत्येक प्रकरण एका प्रसंगावर उभे राहते, प्रसंग संपला की ते थांबते, आणि थांबताना बाई त्याचा अर्थ सांगत बसत नाहीत. सोवळ्याच्या वेडाने घरातली प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायला लावणारे त्यांचे वडील आठवावेत; त्या घरातल्या लहान मुलीचे हाल सांगताना लेखिकेच्या सुरात रडणे नाही, टीकाही नाही, सांगण्यातली एक खोडकर तटस्थता आहे. पंडितांनी या घाटाला सहजता म्हटले आहे. आम्ही त्याला हाक येताच उठावे लागणाऱ्या बाईची बैठक म्हणतो. आयुष्यभर जिला एका जागी अर्धा तास सलग बसता आले नाही तिला सांगायचे ते हाक येण्याच्या आत सांगून संपवावे लागते. पाल्हाळ ही ज्यांच्यासाठी दुसरे कुणी चूल पेटवते त्यांची चैन आहे. लक्ष्मीबाईंच्या वाक्यांना ती लागलीच नाही, आणि त्यामुळे टिळकांची कित्येक कविता आज कालबद्ध वाटत असताना हे गद्य कालचे लिहिल्यासारखे वाटते. हा आमचा निवाडा कुणाला टिळकांवर अन्याय करणारा वाटेल. 'ख्रिस्तायना'चे काही अध्याय आणि 'स्मृतिचित्रां'ची काही प्रकरणे शेजारी शेजारी ठेवून वाचावीत एवढीच आमची विनंती आहे.

म्हणीकडे परत येतो. लक्ष्मीबाईंची आवड साठाव्या वर्षी जन्मली असे कोण म्हणेल? ती आधीही होती. आधी सवड नव्हती, कारण त्यांची सवड दुसऱ्याच्या आवडीकडे गहाण पडलेली होती. आपल्या धर्मग्रामात जे बंधू कथा-कविता लिहितात, त्यांनी आपला लेखनाचा तास कोणाच्या तासातून आला आहे हे एकदा स्वयंपाकघरात डोकावून पाहावे, असे आम्ही सुचवतो. आणि पाहून झाल्यावर आठवड्यातून एक संध्याकाळ तिथली भांडी आपण घासून तो तास परत करावा. ती भगिनी त्या तासात काय करील, हे तिने ठरवावे. काही झोपतील, आणि ते योग्यच आहे. एखादी वही शोधील. तिला विषय सुचवण्यास कुणी जाऊ नये, शालीचा तर नकोच. फक्त तिने लिहिलेले पान तिच्याकडून मागून घ्यावे, दोनदा वाचावे, आणि कोणती ओळ कळली नाही ते तिला सांगावे.